तारांचं शेपूट

"तुमच्यानंतर हे कोण सांभाळणार?" मी विचारलं.

हुद्दारांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मग पूर्ण मान वळवून त्यांनी मला शोधल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कोणी नाही."

हा माझ्या हातातल्या कागदावरचा तिसरा प्रश्न होता. कागद माझ्या सुनेने, शालनने, लिहून दिला होता. अक्षरं मोठी काढली होती, कारण मी वाचायला शिकलो चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि बारीक अक्षर मला आजही मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. प्रश्नाखाली बोट धरून मी वाचत होतो. पहिला, हा हिशेबाचा प्रोग्राम किती जण मिळून चालवतात. त्यावर ते म्हणाले, मूळ काम परदेशातल्या पाच जणांनी केलं, ते एकेक करून दुसऱ्या उद्योगाला लागले. आपल्याकडचे कर आणि मराठी अक्षरं एवढा भाग अकरा वर्षं ते एकटे बघतात. दुसरा, याचे पैसे कोण देतं. त्यावर ते हसले. सुरतेच्या एका व्यापाऱ्याने एकदा तिकडच्या घारी मिठाईचा डबा पाठवला होता म्हणाले, पण तो वाटेत उघडला गेला होता.

मिरजेत किल्ला भागात त्यांची दोन खोल्यांची जागा होती. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याला पंखा लावला होता. माणसाला पंखा नव्हता.

मी बारा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतोय. तेव्हा इचलकरंजीत आमच्या गल्लीत चौदा जणांची संस्था होती. कुणाचे चार माग, कुणाचे सहा. सूत एकत्र घ्यायचं, वजन करून वाटायचं, कापड एकत्र विकायचं. एकट्याला व्यापारी दारात उभा करत नाही, चौदा जणांना खुर्ची देतो. पण एकत्र राहायचं तर कुणी किती बाचकी सूत उचललं आणि किती मीटर कापड परत दिलं, हे चोख पाहिजे. ते आम्ही एका विकतच्या प्रोग्रामात ठेवत होतो. दर वर्षी भाडं भरायचं, विकणारा नवा आकडा द्यायचा, आकडा घातला की उघडायचा. एका वर्षी आकडा आलाच नाही. फोन लागेना. पुण्याला माणूस पाठवला तर त्या पत्त्यावर गाद्यांचं दुकान. चार वर्षांचा सगळा हिशेब आत, आणि बाहेर आम्ही चौदा जण.

पहिल्या महिन्यातच भांडणं लागली. आदगोंडा मगदूम म्हणायचा, मोमीनांकडे माझी नऊ बाचकी जास्त गेलीत. मोमीन म्हणायचे, उलट आहे. दोघंही खरं बोलत असतील, कुणाला कळणार. मोमीनांच्या थोरल्याने आदगोंडाची गचांडी धरली तेव्हा मी मध्ये पडलो आणि माझ्याच सदऱ्याची बटणं तुटली. शेजारच्या कारखान्यात त्याच दिवसांत माग फोडत होते. भंगारवाला घण घेऊन यायचा आणि दिवसभर ठोकायचा. ज्या मागावर माणसाने तीस वर्षं काढली तो किलोवर जायचा. आमच्या बैठकीत कुणी बोलायचं थांबलं की तो घण ऐकू यायचा.

शालन बी.कॉम. झालेली. तिने हे दुसरं शोधून काढलं. फुकट, आकडा नको, भाडं नको, आणि आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं. त्याला ती ओपन सोर्स म्हणायची. दोन महिन्यांचा हिशेब तिने त्यात घालूनही बघितला. पण बैठकीत नाव काढल्याबरोबर आदगोंडा म्हणाला, "ओपन-एंड?"

ओपन-एंड म्हणजे आमच्याकडे हलकं सूत. गिरणीतल्या टाकाऊ कापसाचं काढतात. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, कसंबसं चालतं, उभ्या ताण्याला लावलं तर तुटून तुटून माणूस वेडा होतो.

शालनने समजावलं की एंड नाही, सोर्स. आदगोंडा म्हणाला, "तेच की गं पोरी. फुकटचं सूत ताण्याला लावतो का आपण? मग हिशेबाला कसं लावायचं?"

चौदातले नऊ जण हसले. उरलेले मोमीनांच्या बाजूचे होते म्हणून हसले नाहीत. तिथून पुढे सगळे त्याला ओपन-एंडच म्हणायला लागले. शालन रडकुंडीला आली. शेवटी ठरलं, कुणीतरी जाऊन बघून यावं की हे टिकणार आहे का, आणि रविवारी येऊन सांगावं. टिकणार नसेल तर ज्याचं त्याने घेऊन मोकळं व्हायचं. मोकळं व्हायचं म्हणजे काय, ते घण सांगतच होता.

कोण जाणार, तर आदगोंडा म्हणाला, "ईराप्पाण्णा, तूच जा. तुला धड वाचता येत न्हाई, म्हणजे कागदावर तुला कुणी फसवू शकत न्हाई."

आदगोंडा माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायचा. साक्षरतेच्या वर्गात बाई म्हणाल्या उद्या वही आणा, तर मी मागाची वही खांद्यावर टाकून घेऊन गेलो. ताण्याची प्रत्येक तार ज्या डोळ्यातून ओवतात त्या सांगाड्यालाही आमच्याकडे वही म्हणतात, तिच्यापुढे फणी. बावीस वर्षं मी वहिफणीचं काम केलं. एक जण आत बसून तार देतो, दुसरा बाहेरून आकडीने ओढतो. बीमाला, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाला, अडीच हजार तारा, कधी तीन. चाळिशीत माझे डोळे गेले तेव्हा ते सोडलं, चष्मा केला, आणि चष्मा केलाच आहे तर अक्षरं तरी शिकावीत म्हणून वर्गाला गेलो. खांद्यावर वही नेल्याची गोष्ट खोटी आहे. पण मी ती कधी खोडली नाही.

तर मी मिरजेला आलो होतो, आणि माणूस म्हणत होता, कोणी नाही.

त्यांच्या बायकोने, नलिनीबाईंनी, चहा आणला. माझा कप माझ्या हातात दिला. नवऱ्याचा कप त्यांनी बरोबर त्याच्या छातीसमोर ठेवला, त्याचा उजवा हात उचलला आणि कपाच्या कानावर टेकवला. मी वहिफणीवाला माणूस. कुणाचे डोळे कधी गेले हे मला माणूस चालतानाच कळतं. मी पुन्हा कागदावर बोट ठेवलं. चौथा प्रश्न वाचला. शेवटची दुरुस्ती कधी झाली.

"आठ महिने झाले," ते म्हणाले. "पूर्वी आठवड्याला करायचो."

"मग पुढं?"

"पुढचं तुम्हाला खरं सांगू का? तुम्ही एवढ्या लांबून आलात. माझ्या मते हे तीन वर्षं चालेल. चार म्हणालो तर ते तुमच्या समाधानासाठी असेल."

कागदावर पाचवा प्रश्न होता, पण मी कागद घडी घालून खिशात ठेवला. चौदा घरांना काय सांगायचं ते मला दिसत होतं. तिकडे जाऊन हात झटकायचे, आणि सोमवारी भंगारवाल्याला आमच्याच दारात टेम्पो लावायला सांगायचं. माझे सहा माग. त्यातले दोन मी वहिफणी करता करता घेतले होते, त्यांचे घोडे, म्हणजे बाजूचे लोखंडी सांगाडे, माझ्या बापाच्या उंचीचे आहेत असं मला उगीच वाटायचं.

तोंड धुवायला मी बाहेरच्या नळावर गेलो. नलिनीबाई मागून आल्या आणि जिन्याजवळ थांबल्या.

"काय ठरवलंत?"

मी म्हणालो, अजून काही नाही.

"तुम्ही नको म्हणा," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, पण विनवणीचा नव्हता. "काचबिंदू आहे. बाजूचं सगळं गेलंय, समोरचं नळकांड्यातून बघावं तेवढं उरलंय. डॉक्टर म्हणाले, हे पडद्याकडे बघत बसणं सोडा, औषध वेळेवर घाला, आहे तेवढं राहील. आठ महिने मी त्यांना बसू दिलेलं नाही. तुम्ही चौदा जण घेतलंत की चौदा जणांचे फोन येणार. ते नाही म्हणत नाहीत. त्यांना नाही म्हणता येत असतं तर आज हे घर असं नसतं."

मी म्हणालो, "बाई, आम्हाला दुसरं काही नाही."

"मला तरी दुसरं काय आहे?" त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

मी नळ बंद केला. खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. टॉवेल आमच्याच गल्लीतला, टोकाला दशा सोडलेला. त्या दशा बोटात आल्या आणि मी तिथेच जरा वेळ उभा राहिलो.

परत आत गेलो आणि टॉवेल हुद्दारांच्या समोर टेबलावर पसरला. त्यांना सांगितलं की शालनचा एक प्रश्न राहिलाय, पण त्याआधी माझा एक. मागावरचं बीम संपतं. कुठलंच बीम जन्मभर पुरत नाही. पण चांगला कामगार संपलेलं बीम काढताना तारा मुळापासून कापत नाही. वही-फणीत ओवलेल्या तारांचं हातभर शेपूट ठेवून कापतो. नवीन बीम आलं की त्याची एकेक तार त्या शेपटाला गाठ मारून जोडायची आणि ओढून घ्यायची. सगळं पुन्हा ओवायला लागत नाही. नवशिका मात्र माग साफ दिसावा म्हणून सगळं काढून टाकतो, आणि मग अडीच हजार तारा पहिल्यापासून. आमच्या आधीच्या प्रोग्रामाने तेच केलं होतं. आमचा माग साफ करून गेला.

"तुमचं बीम तीन वर्षांत संपणार," मी म्हणालो. "संपू दे. पण शेपूट राहतं का?"

हुद्दार बराच वेळ टॉवेलाच्या दशांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. सगळे विचारतात, किती दिवस टिकेल."

शालनने दोन महिन्यांचा हिशेब पेनड्राइव्हवर दिला होता. तो त्यांनी लावला. नाक पडद्याला टेकेल इतके पुढे झाले, कळा मात्र न बघता दाबत होते. शेजारचं छपाईचं यंत्र खरखरलं आणि एक पान बाहेर आलं. ते त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

"हे त्याच्या आत जसं आहे तसंच बाहेर काढलंय. साधी अक्षरं आहेत. दुसरा कुठलाही प्रोग्राम हे उचलेल. आणि कुठलाच उरला नाही तर माणूस वाचेल. वाचून बघा."

मी बोट ठेवलं. पहिली ओळ लागायला वेळ लागला. बारा मार्च. आदगोंडा मगदूम. सूत चाळीस नंबर. बाचकी सहा. पुढच्या ओळीला मोमीन. त्याच्या पुढच्याला माझं नाव. माझं नाव छापलेलं मी मतदानाच्या यादीत सोडून कुठे बघितलं नव्हतं. पान संपेपर्यंत चहा गार झाला. कुठे अडलो नाही.

दारात नलिनीबाई उभ्या होत्या. निघताना मी त्यांना शब्द दिला की आम्ही घेतलं तरी इथे एकही फोन येणार नाही. त्या म्हणाल्या, "असं सगळेच म्हणतात." तरी जिना उतरेपर्यंत त्यांनी दिवा लावून धरला, भर दुपारी, कारण जिना अंधारा होता.

रविवारी बैठकीत सगळे आले. मोमीन एका भिंतीला, आदगोंडा दुसऱ्या. शालन पाणी द्यायच्या निमित्ताने उभी होती.

"हे जगणार न्हाई," मी सांगितलं. "तीन वर्षं. घ्या."

मग आदगोंडा म्हणाला, "आण्णा, मिरजेत भांग चांगली मिळते म्हणतात, ते खरं दिसतंय."

मी घडी केलेलं पान काढलं आणि त्याच्या हातात दिलं. वाच म्हणालो, मोठ्यानं. त्याने वाचलं. आपल्या नावाशी आला, सहा बाचकी म्हणाला, आणि थांबला. मग मोमीनांचा आकडा वाचला. तो त्याला पटणारा नव्हता, पण कागदावर होता, आणि त्याच कागदावर त्याचाही होता. मी म्हणालो, दर महिन्याच्या शेवटी शालन अशी पानं काढणार. चौदा प्रती, चौदा घरी. प्रोग्राम मेला तरी शेपूट तुमच्या कपाटात. हलकं सूत आहे, मान्य. पण साफ कापून जाणारं नाही.

"आणि मिरजेला कुणी फोन करायचा न्हाई," मी म्हणालो.

का, म्हणून मोमीनांच्या थोरल्याने विचारलं. मी नुसतं म्हणालो, तसं ठरलंय. हुद्दारांच्या फोन नंबरचा कागद मी माझ्याकडेच ठेवला.

संस्था तुटली नाही. भांडणं झाली, पण पान समोर ठेवून झाली. आदगोंडा पानावर लाल पेनाने खुणा करून आणायचा, आणि निम्म्या वेळा चूक त्याची निघायची. साडेतीन वर्षं अशी गेली. आता ओपन-एंड थांबलं तरी चालेल, असं मी मनात म्हणत होतो.

मग कराची सगळी पद्धतच बदलली. जुन्या रीतीचं बिल चालेना, आणि आमच्या प्रोग्रामातून नवं बिल निघेना. बिलाशिवाय व्यापारी कापड उचलेना. शालन म्हणाली, पानं आहेत, दुसऱ्या प्रोग्रामाला गाठ मारता येईल, पण तो शिकून, तपासून, चौदा जणांचं बसवायला दीड महिना लागेल. कारखान्यात कापडाचे तागे कौलांना टेकले होते. सूत संपलं होतं. तिसऱ्या आठवड्यात आमच्यातल्या तिघांनी भंगारवाल्याला बोलावून मागांचं वजन विचारलं. त्याने घण भिंतीला टेकवून ठेवला आणि चहा मागितला. माझ्या मागाजवळ.

मी घरी गेलो. ट्रंकेतून कागद काढला आणि फोन लावला.

नलिनीबाईंनी उचलला असता तर मी ठेवला असता. हुद्दारांनी उचलला. मी सांगायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"किती दिवस आहेत तुमच्याकडे?"

"पंधरा असतील."

"बरं केलंत फोन केलात," ते म्हणाले. आवाजात आनंद होता. तो आनंद मला अजून ऐकू येतो.

अकरा दिवसांनी शालनला दुरुस्ती आली आणि दुपारी पहिलं बिल निघालं. टेम्पो लागले, तागे गेले, भंगारवाला गेला. गल्लीत कुणी विचारलं नाही की हे कुणी केलं. प्रोग्राम फुकटचा होता, आपोआप झालं असेल, असं सगळ्यांनी धरलं. आदगोंडा म्हणाला, "ओपन-एंड चिवट निघालं." मी हो म्हणालो.

त्यानंतर त्यात एकही दुरुस्ती आली नाही. पुढच्या दिवाळीच्या आधी शालनने सगळी पानं नव्या प्रोग्रामाला जोडली. आधी सावकाश शिकून घेतलं होतं, म्हणून जोडायला चार दिवस लागले. एक तार तुटली नाही. चौदा जण आजही एकत्र आहेत. मोमीनांच्या थोरल्याच्या मुलीच्या लग्नात आदगोंडाने पंगत वाढली.

नवा प्रोग्राम चालू झाला त्या महिन्यात मी मिरजेला गेलो. नलिनीबाईंनी दार उघडलं. मला ओळखलं, बाजूला झाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटर नव्हता, पंखा हुद्दारांकडे फिरवलेला होता.

मी आलो म्हणून सांगितलं. त्यांनी मान वळवली नाही. आता वळवून काही फरक पडत नव्हता.

"ईराप्पाण्णा," ते म्हणाले. "शेपूट राहिलं का?"

राहिलं, मी म्हणालो. पिशवीतून महिन्याचं पान काढलं. ते त्यांच्या हातात द्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"वाचा ना," ते म्हणाले.

मी चष्मा लावला आणि बोट ठेवलं. एक तारीख. आदगोंडा मगदूम. सूत चाळीस नंबर. मी सावकाश वाचतो, जोडाक्षराला थांबतो. ते मध्ये बोलले नाहीत. पान संपलं तेव्हा म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे का, की अजून आहे?" मी बघितलं आणि म्हणालो, कोरी आहे.

शालन दर महिन्याला चौदा प्रती काढायची. तेव्हापासून पंधरा काढते. पंधरावी घेऊन मी पहिल्या आठवड्यात मिरजेच्या एस.टी.त बसतो. नलिनीबाई दार उघडतात आणि बाजूला होतात. मला त्यांनी अजून चहा विचारलेला नाही, आणि मीही कधी मागितला नाही.